पानं पाच झाली की

आषाढात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या.
निळ्या ताडपत्रीखाली डिझेलचा वास,
टांगलेली एक बॅटरी,
आणि निजाम सारंग,
चाळीस वर्षं परदेशी बोटींवर काढून
हर्णैला परत आलेला, खिशात पत्त्यांचा कॅट.
म्हणाला, तीन पत्ती सोडा आता.
हे पोकर. हातात पाच पानं.

पैसे नाहीत. डावावर जाळ्याची शिसं:
मोठं शिसं दहा, बारकं एक.
मी अकरा वर्षांची,
शिसं मोजून द्यायचं काम माझं.

त्याने तळापासून सांगायला घेतलं.
काहीच जुळलं नाही, तर सगळ्यात मोठं पान बोलेल.
त्याच्या वर जोडी. मग दोन जोड्या. मग तीन सारखी.
मग ओळीने पाच.
त्याच्यावर पाच एका रंगाची.

"थांब," धाकू पावसे गुडघ्यांवर उठला.
"इथे चुकलास. ओळ रंगाच्या वर बसते,
माझ्या आज्यापासून बसते.
पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नश्शी,
पायरीला पायरी लागावी लागते, सारंग.
नुसती किलवरं काय, कुणाच्याही अंगात असतात,
गंजीफ्रॉकसारखी."

सारंगाने पिशवीतून वही काढली.
कुठल्याशा बंदराबाहेर एकोणीस दिवस नांगरावर,
रात्रपाळीत मोजलेलं, पेन्सिलीने:
पाच पानांत ओळी दहा हजार दोनशे,
एकरंगी पाच हजार एकशे आठ.
पान उलटलं.
तीन पानांत ओळी सातशे वीस,
एकरंगी हजार शहाण्णव.

"पत्ते तेच, धाकू.
हातात किती, त्यावर ठरतं कोण मोठं."

धाकूने त्याच्याकडे असं बघितलं,
जसं घरासमोरच बोट वाळूत घातलेल्या तांडेलाकडे बघतात.

आई पलीकडे सुकट निवडत होती.
पत्त्याला तिने जन्मात हात लावला नव्हता.
मान वर न करता म्हणाली,
"म्हणजे जे कमी गावतं, ते वर.
बांगड्याचा ढीग लागला की पाटीने जातो,
आणि मोठं पापलेट एकच आलं
की लिलावात माणसं गप होतात.
ह्यात शिकायचं काय?"

सारंग खोकला येईपर्यंत हसला.
मग उरलेलं भराभर सांगून टाकलं:
फुल हाऊस, तीन एका घरची, दोन दुसऱ्या.
चार सारखी.
एकाच रंगात ओळ.
आणि सगळ्यांच्या डोक्यावर
दश्शीपासून एक्क्यापर्यंत एकरंगी,
जी त्याने एकदाच पाहिली,
इस्पिकाची,
तीही जहाजावरच्या भंडाऱ्याच्या हातात.

त्या रात्री वडिलांनी दोन दुर्र्यांवर डाव मारला.
धाकूकडे एक्का, राजा, गुलाम, नश्शी, चौकी:
सगळी थोर,
एकमेकांना न ओळखणारी.
मी वडिलांच्या ओंजळीत शिसं ओतली, सत्तेचाळीस.

नारळी पुनवेला होडी पाच माणसांनिशी गेली.
पुढच्या साली दोघं कुवेतला. उरले तीन.
बंदी पुन्हा आली, पत्ते पुन्हा निघाले,
आणि वडील पिसताना मध्येच थांबले.

म्हणाले, सारंग, तुझी वही खरी आहे.
पाच होतो तेव्हा पाचांचं मन एका रंगाचं होणं कठीण,
रोज कुणीतरी वेगळं चौकट काढायचा.
आता तिघंच. भांडायला माणूस नाही,
रंग आपोआप जुळतो.
आता ओळ लागत नाही.
एक म्हातारा, एक मधला,
त्याच्या पाठी एक शिकणारा.
तो तिसरा कुठून आणायचा?

पावसाने ताडपत्रीत पोट धरलं होतं,
धाकूने काठीने खालून ढोसलं,
पाणी धबकन बाहेर पडलं.

कुणीच काही बोललं नाही.
मी तिथेच उभी होते,
बारा वर्षांची,
दोन्ही मुठींत शिसं.